पडलेले उंदीर, मेलेले कावळे आणि सरकारी तक्ते

फेब्रुवारी २०२५ मध्ये धाराशिव जिल्ह्यातील ढोकी येथे कावळे मरून पडू लागले. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेकडे गेले, बर्ड फ्लूचे निदान झाले आणि गावाभोवतीचा दहा किलोमीटरचा परिसर सतर्क क्षेत्र म्हणून जाहीर करण्यात आला. त्याआधी जानेवारीत शेजारच्या लातूर जिल्ह्यात उदगीरलाही असेच झाले होते. साथ माणसांत पसरली नाही. साहजिकच महिन्याभरात हा विषय मागे पडला. आम्हाला मात्र तो मागे पडू द्यावासा वाटत नाही.

साथींना तोंड देण्याची राज्य शासनाची तयारी कशाने मोजायची? नेहमीचे माप म्हणजे खाटा, औषधांचा साठा, रुग्णवाहिका आणि आता ऑक्सिजनचे प्रकल्प. विधिमंडळात प्रश्न विचारले जातात ते याच गोष्टींविषयी आणि उत्तरेही आकड्यांत मिळतात. या गोष्टी हव्यातच. पण त्या रोगी दवाखान्याच्या दारात आल्यानंतर उपयोगी पडतात. आमच्या मते खरे माप वेगळे आहे. पहिली खूण दिसल्यापासून, काही करू शकणाऱ्या माणसाच्या कानावर ती जाईपर्यंत किती दिवस गेले?

आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला हे माप ठाऊक होते. 'उंदीर पडणे' हा शब्दप्रयोग त्यांच्या बोलण्यात होता. घरात उंदीर मरून पडू लागले की लोक गाव सोडून शेतात, माळावर झोपड्या घालून राहत. यामागचे शास्त्र साधे आहे. प्लेगचा जंतू, येर्सिनिया पेस्टिस, मुळात रानातल्या कुरतडणाऱ्या प्राण्यांत टिकून असतो. तेथून तो घरातल्या उंदरांत येतो. त्यांच्या अंगावरची पिसू रक्ताबरोबर जंतूही पिते. जंतू वाढून तिच्या जठरापूर्वीच्या भागात गुठळी होते, रक्त पुढे जात नाही आणि भुकेने ती पुन्हा पुन्हा चावत सुटते. उंदीर मेला की त्याचे अंग गार पडते. पिसवा ऊब शोधत दुसऱ्या उंदराकडे जातात आणि उंदीर उरले नाहीत की माणसाकडे वळतात. म्हणजे उंदीर पडणे आणि माणसाला गाठ येणे यांत साधारण आठवडा-दोन आठवड्यांची फट असते. शासनाला मिळणारी सवलत ती एवढीच. (वर्गात एक प्रश्न जरूर विचारावा: प्लेगच्या गावात आधी उंदीर मारावेत की पिसवा? बहुतेक मुले उंदीर म्हणतील. उंदीर आधी मारले तर पिसवांना माणसाचेच घर उरते.)

ही फट बीड जिल्ह्यातील मामला या गावी १९९४ साली उघडी पडली होती. ऑगस्टच्या सुरुवातीला तेथे उंदीर पडले, पिसवांचा त्रास वाढला. महिनाअखेरीस गाठी आलेले रुग्ण दिसू लागले. त्याआधी भारतात माणसाला प्लेग झाल्याची शेवटची नोंद १९६६ ची होती. अठ्ठावीस वर्षांत एक अख्खी वैद्यकीय पिढी प्लेग पुस्तकात वाचून बाहेर पडली होती. रोग दिसेनासा झाला की त्यावरची पाळतही हळूहळू सुटते, हा प्रशासनाचा जुना स्वभाव आहे.

प्लेग तेव्हाच का उद्भवला? एक स्पष्टीकरण पुढे आले ते ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाशी जोडलेले आहे. किल्लारी, सास्तूर आणि त्या पट्ट्यातील गावे तेव्हा उद्ध्वस्त झाली. तेव्हाच्या उस्मानाबाद आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांवर तो घाव होता. लोकांनी दगडमातीची घरे सोडली, धान्य मागे राहिले, उंदीर वाढले आणि रानातल्या उंदरांशी त्यांचा संबंध आला, असे हे स्पष्टीकरण सांगते. मामला भूकंपाच्या मुख्य पट्ट्यापासून दूर आहे, तेव्हा हे सिद्ध झालेले सत्य म्हणून शिकवू नये. मात्र एका आपत्तीच्या पोटी दुसरी जन्म घेऊ शकते, एवढे त्यातून जरूर घ्यावे.

सप्टेंबरमध्ये सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगची साथ आली. पन्नासच्या आसपास माणसे दगावली, लाखो लोकांनी शहर सोडले, टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून नाहीशा झाल्या. आणि नेमका हा रोग प्लेगच आहे का, यावर देशातले तज्ज्ञ भांडत राहिले. रुग्णांपासून मिळवलेला जंतू येर्सिनिया पेस्टिसच होता, हे हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राच्या शास्त्रज्ञांनी डीएनएच्या आधारे २००० साली दाखवून दिले. सहा वर्षांनी! शास्त्राला सहा वर्षे चालतात, जिल्हाधिकाऱ्याला सहा दिवसही चालत नाहीत.

आता कायद्याकडे पाहू. मुंबईत १८९६ साली प्लेग आला आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. जेमतेम दीड पानाचा हा कायदा मार्च २०२० मध्ये करोनासाठी महाराष्ट्राने लागू केला. साथीचा धोका आहे आणि नेहमीचे कायदे अपुरे आहेत अशी खात्री पटली, की शासनाने हवे ते नियम करावेत. मोडणाऱ्याला शिक्षा, राबवणाऱ्याला संरक्षण. एवढाच त्याचा ऐवज. ही खात्री कशी पटावी, कोणी पाळत ठेवावी, कोणी कोणाला कळवावे, यावर त्यात एक ओळ नाही. हा हुकूम देणारा कायदा आहे, ऐकणारा नाही. २०२० च्या दुरुस्तीने आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्यांना कडक शिक्षा ठरवली, ते योग्यच झाले; पण ही उणीव तशीच राहिली.

त्याच दुरुस्तीने आणखी एक गोष्ट केली, तिची चर्चा फारशी झाली नाही. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी जी राज्ये 'ब' वर्गात होती, त्यांचा प्रदेश वगळून हा कायदा देशाला लागू आहे, असे शब्द त्यात होते. हैदराबाद राज्य 'ब' वर्गात होते आणि आपला जिल्हा त्या राज्यात. म्हणजे केंद्रीय कायद्याच्या छापील मजकुरात मराठवाडा एप्रिल २०२० पर्यंत बाहेर होता! राज्य विधिमंडळाला स्वतःच्या कायद्याने अशी पोकळी भरता येते, हे खरे. पण चौसष्ट वर्षे हे शब्द कोणाला खटकू नयेत, यावरून कायदा किती वाचला जात होता ते दिसते.

कायद्याने न केलेले काम काही अंशी एका योजनेने केले. नोव्हेंबर २००४ मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला आणि महाराष्ट्र त्याच्या पहिल्या टप्प्यात होता. उपकेंद्रातील कर्मचारी लक्षणांचा 'एस' तक्ता भरतात, डॉक्टर संभाव्य निदानाचा 'पी' आणि प्रयोगशाळा 'एल'. २०२१ पासून हे काम संगणकावर आले. १९९४ च्या मानाने ही मोठीच मजल आहे. पण 'एस' तक्ता माणसांची लक्षणे मोजतो. पडलेल्या उंदराला आणि कावळ्याला त्यात रकाना नाही. त्यांची नोंद झालीच तर पशुसंवर्धन खात्याकडे. ढोकीला दोन खात्यांची गाठ पडली ती रोगाचे नाव आधीच गाजलेले होते म्हणून. अनोळखी रोग आला तर ती कितव्या दिवशी पडेल?

प्रयोगशाळेचेही तसेच. करोनाच्या सुरुवातीला जिल्ह्यात तपासणीची सोय नव्हती. जुलै २०२० मध्ये विद्यापीठाच्या धाराशिव उपकेंद्रात ती उभी राहिली. ती करणाऱ्यांचे कौतुकच आहे. पण साथ शिगेला जात असताना उभारलेली प्रयोगशाळा ही तयारी नव्हे, धावपळ आहे.

तयारी कशी दिसते याचा एक नमुना आपल्या ग्रामपंचायतीतच आहे. आरोग्य खाते गावातले पाण्याचे स्रोत तपासते आणि धोका पाहून लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देते. कोणालाही गॅस्ट्रो होण्याआधी विहिरीचा कठडा फुटलेला आहे का, टीसीएल पावडर शिल्लक आहे का, हे पाहिले जाते. रोग्याची वाट न पाहणारी अशी पद्धत उंदीर, पक्षी आणि जनावरांसाठी का असू नये? खर्च फार नाही. लागते ती खालून वर जाणारी वाट आणि वर ती वाचणारा माणूस.

शाळेत अशी एक नोंद रोज होतेच. हजेरीपटावर गैरहजेरी लागते, महिन्याअखेर आकडा केंद्रप्रमुखांकडे जातो. एका वस्तीवरची सात मुले एकाच आठवड्यात का आली नाहीत, हे वर्गशिक्षकाला बहुधा ठाऊक असते. ते लिहिण्यासाठी पटावर जागा नाही आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातून ते कोणी विचारायलाही येत नाही.