एका ग्रंथालयाचे स्थलांतर आणि संज्ञांचा प्रश्न

विशेष विषयाला वाहिलेले ग्रंथालय बंद करून त्यातील साहित्य आंतरजालावर न्यावे की नाही, ह्या प्रश्नाची चर्चा बहुधा खर्च आणि सोय ह्या दोनच अंगांनी होते. भाषेच्या अंगाने तिचा विचार क्वचित आढळतो. तो करावयाचा तर ऑस्ट्रेलियातील माउंट मॅसिडन येथील आपत्कालीन व्यवस्थापन संस्थेचे उदाहरण फार बोलके आहे.

मेलबर्नच्या वायव्येस असलेल्या ह्या डोंगराळ गावी १९५६ मध्ये नागरी संरक्षणाचे विद्यालय निघाले. त्या काळी मनात भय होते ते अणुयुद्धाचे. सत्तरीच्या दशकात त्याचे 'आपत्ती-प्रतिकार महाविद्यालय' झाले, नव्वदीत नावात 'आपत्कालीन व्यवस्थापन' हे पद आले. २०१४ च्या अर्थसंकल्पात संस्थेचे तेथील आवार बंद करण्याचे ठरले आणि आवाराबरोबर तेथील वाचनकक्षही गेला. २०१५ मध्ये स्थापन झालेल्या नव्या संस्थेच्या नावात 'रेझिलियन्स' हा शब्द आहे. (मराठीत त्याला सर्वमान्य प्रतिशब्द नाही, 'लवचिकता' म्हणावे तर वेताची छडी आठवते.) ह्या नव्या संस्थेचे ज्ञानभांडार आंतरजालावर सर्वांस खुले आहे.

ह्या व्यवस्थेचा लाभ नाकारण्यात अर्थ नाही. हजारो मैल दूर असलेल्या डार्विनच्या स्वयंसेवकाला माउंट मॅसिडनचे कपाट केव्हाच जवळचे नव्हते. आता निदान पुस्तिका आणि नियतकालिक त्याला घरबसल्या वाचता येतात. उलटपक्षी, २०१९-२० च्या वणव्यांत मालाकूटासारख्या गावांची वीज आणि दूरध्वनी दोन्ही तुटले, हेही विसरता येत नाही. परंतु ऐन संकटात कोणी ग्रंथ उघडून बसत नाही, म्हणून ह्या आक्षेपावर फार भर देणे मला उचित वाटत नाही.

माझा आक्षेप निराळा आहे. साठ वर्षांत एकाच विषयाने चार नावे धारण केली, आणि आंतरजालावरील शोध चालतो तो नावांवर. 'रेझिलियन्स' हा शब्द घेऊन शोध करणाऱ्यास १९६० च्या सुमाराची नागरी संरक्षणाची पुस्तिका सहसा भेटणार नाही. वस्तुतः लोकांचे स्थलांतर, निवारा, अफवांचा बंदोबस्त ही प्रकरणे दोन्हीकडे तीच आहेत. आजची शोधयंत्रे समानार्थक शब्द ओळखतात, हे मान्य. पण ती समानार्थकता ठरते मुख्यतः प्रचलित वापरावरून. नागरी संरक्षण आणि लवचिकता ह्या संज्ञा समानार्थक नाहीतच. त्यांचे नाते ऐतिहासिक आहे, एकीच्या जागी दुसरी आली एवढेच. हे नाते जाणणारा माणूस म्हणजे त्या विषयाचा ग्रंथपाल. जुन्या सूचीपत्रकांवरील 'पाहा' आणि 'हेही पाहा' ह्या दोन नोंदींत त्याचे सारे पांडित्य साठलेले असे. पुस्तकांची छायाप्रत निघते. ह्या नोंदी कोणी करावयाच्या, हे मात्र अशा स्थलांतराच्या योजनांत बहुधा ठरविलेलेच नसते. शिवाय मांडणीवर जुने पुस्तक नव्याच्या शेजारी उभे असते आणि न शोधताही हाती लागते.

ही अडचण परक्या देशापुरती आहे, असे कोणी समजू नये. महाराष्ट्राने १९६३ मध्ये कायदा करून राज्याच्या कायद्यांतून 'फॅमिन' हा शब्दच वगळला व त्याच्या जागी 'स्केअर्सिटी', म्हणजे टंचाई, आणली. शब्द गेल्याने अवर्षण गेले नाही. १९७२ साली ते आलेच. मात्र केवळ 'दुष्काळ' ह्या शब्दाने सरकारी कागद धुंडाळणारा अभ्यासक 'टंचाई' ह्या शीर्षकाखालील कागदांना सहज मुकेल. एका संज्ञेच्या बदलाने हे घडते, तर तीन बदलांनी काय होईल, ह्याचा अंदाज वाचकांनी करावा.

माउंट मॅसिडनच्या संस्थेची परिभाषाविषयक जाण कमी नव्हती. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या आपत्कालीन पुस्तिकामालेत एक स्वतंत्र परिभाषाकोश निघाला होता. पण कोश एका काळाची परिभाषा स्थिर करतो. येथे हवी होती ती संज्ञांची कालक्रमानुसार जोडसूची: कोणती संज्ञा केव्हा आली, कोणतीस तिने बाजूस सारले आणि दोहोंच्या अर्थक्षेत्रांत किती भाग समान राहिला. हे काम भाषाभ्यासक आणि ग्रंथपाल ह्यांनी मिळून, ग्रंथ कपाटात असतानाच, करावयाचे असते. आपल्याकडे पानशेत (१९६१), कोयना (१९६७) आणि किल्लारी (१९९३) ह्यांचे कागद आंतरजालावर न्यावयाचे झाल्यास आधी अशी सूची हाती घ्यावी, आणि तीत 'अरिष्ट', 'संकट', 'प्रलय', 'टंचाई' हे शब्द 'आपत्ती'च्या बरोबरीने नोंदवावेत.