समुद्राच्या पाण्याचा तलाव: फायदा मोजला, पण कुठल्या पाण्यात?

आमच्या कड्यात ‘खारं पाणी’ म्हटलं की बोअरचं पाणी. समुद्र पार घाटाखाली. तरी मागच्या महिन्यात चुलतभावाने विचारलं, “पोराची कातडी कोरडी पडते, रात्रभर खाजवतो. मुंबईला नेऊन समुद्राच्या पाण्याच्या तलावात डुंबवू का? संशोधनाने सिद्ध झालंय म्हणे.” म्हणून मूळ पेपर वाचायला घेतले.

फायद्यासाठी हमखास दाखवला जातो तो प्रोक्श आणि सहकाऱ्यांचा २००५ चा अभ्यास. कोरड्या, अ‍ॅटोपिक त्वचेच्या स्वयंसेवकांनी एक हात मृत समुद्राच्या मिठाच्या ५ टक्के द्रावणात १५ मिनिटं बुडवला, दुसरा नळाच्या पाण्यात. मिठातल्या हाताची त्वचा सुधारली, लाली कमी झाली. रचना छान आहे, कारण तुलना त्याच माणसाच्या दोन हातांत आहे. पण मिठाचं पाणी चवीला, स्पर्शाला ओळखू येतं, त्यामुळे कुठला हात कशात हे लपवणं अवघड. मुख्य अडचण पुढे आहे. मृत समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम भरपूर, अरबी समुद्राच्या मिठात मुख्यतः सोडियम क्लोराइड. पाणी बदललं की निष्कर्ष आपोआप सोबत येत नाही.

आता धोका. २०१८ मध्ये लिओनार्ड आणि सहकाऱ्यांनी १९ अभ्यास एकत्र केले. समुद्रात उतरणाऱ्यांत कुठल्याही आजाराचं ऑड्स गुणोत्तर १.८६, कानाच्या तक्रारींचं २.०५. इथे घाई करू नका. समजा, न उतरणाऱ्या १०० पैकी १० आजारी पडतात. मग उतरणाऱ्यांत साधारण १७ पडतील, १९ नाही. ऑड्स म्हणजे शक्यता नव्हे. शिवाय असे बहुतेक अभ्यास निरीक्षणात्मक असतात. के यांच्या गटाने मात्र ब्रिटनच्या चार किनाऱ्यांवर १२१६ प्रौढांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं (लॅन्सेट, १९९४). १०० मिलिलिटरमागे विष्ठेतले स्ट्रेप्टोकोकाय साधारण ३२ च्या वर गेले की पोटाचे आजार वाढले. पण त्यात लहान मुलं नव्हती, आणि आपला प्रश्न मुलाचाच आहे.

आणि यातला एकही अभ्यास तलावातला नाही! तलावात भरती-ओहोटी नसेल तर पोहणाऱ्यांच्या अंगावरचे जंतू तिथेच साठतात. क्लोरीन टाकलं, तर समुद्राच्या पाण्यातल्या ब्रोमाइडशी (लिटरला सुमारे ६५ मिलिग्रॅम) त्याची प्रक्रिया होऊन ब्रोमोफॉर्मसारखी संयुगं बनतात. म्हणजे ‘नैसर्गिक’ पाणी म्हणून धोका टळत नाही, फक्त त्याचा प्रकार बदलतो. आपल्याकडे अंघोळीच्या समुद्री पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे: १०० मिलिलिटरमागे फीकल कोलिफॉर्म १००. तलाव भरायचं पाणी कुठून घेतात आणि ते कधी तपासलं, हे विचारल्याशिवाय पोराला उतरवू नये.

भावाला सांगितलं: आधी त्वचारोगतज्ज्ञ, अंघोळीनंतर लगेच मलम, चिरलेल्या, ओल्या कातडीने तलावात नको. तुम्ही पेपर वाचताना एवढं करा: पाणी कुठलं, माणसं कोण, तुलना कशाशी, हे तीन रकाने वहीत आखा. प्रश्नातलं पाणी आणि पेपरातलं पाणी जुळत नसेल, तर ‘सिद्ध झालंय’ हा शब्द खोडा.