पडद्यावरील आशिया आणि शाळकरी मूल

गेल्या नवरात्रातील गोष्ट. अमेरिकेत वाढणारी आमची दहा वर्षांची नात फोनच्या पडद्यावरून बोलत होती. तिच्या वर्गात त्या आठवड्यात आशियाचा धडा झाला होता. शिक्षिकेने एका संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून चोलकालीन नटराजाची कांस्यमूर्ती मुलांना दाखविली होती. ते सारे उत्साहाने सांगून झाल्यावर तिने सहज विचारले, "आजोबा, आपली शांतादुर्गा कोणत्या म्युझियममध्ये असते?"

घरातील मंडळी हसली, आम्हीही हसलो. पण त्याच रात्री देवळात मखरोत्सवाला उभे असताना ते हसू मावळले. कीर्तन चालले होते, मखरात बसलेली देवी आरतीच्या तालावर झुलत होती, आणि भरल्या सभामंडपातील सर्वांच्या नजरा त्या झोक्याबरोबर हलत होत्या. या देवीला जी मुलगी म्युझियममध्ये शोधते, तिला कुणी खोटे शिकविले नव्हते. जे शिकविले ते खरेच होते; मात्र ते अपुरे होते, आणि आपण अपुरे आहोत हे त्याने तिला सांगितले नव्हते.

आपल्याकडे दोनशे प्रती खपणाऱ्या काव्यसंग्रहाचेही परीक्षण होते. परंतु ज्या संकेतस्थळांवरून देशोदेशींची मुले चीन, जपान, हिंदुस्थान यांची पहिली ओळख करून घेतात, त्यांचे परीक्षण कुणी करीत नाही. ती फुकट मिळतात म्हणून जणू टीकेच्या पलीकडची ठरली आहेत. वस्तुतः तीही रचनाच आहेत. त्यांनाही लेखक असतो, निवड असते, गाळणे असते. म्हणून त्यांपैकी तिघांकडे ग्रंथाकडे पाहावे तसे पाहण्याचा येथे विचार आहे.

पहिले उदाहरण आपल्या सर्वांत निकटचे. वॉशिंग्टन येथील आर्थर एम. सॅकलर गॅलरीत 1996 साली 'पूजा' या विषयावर एक प्रदर्शन मांडण्यात आले. त्याच्या अनुषंगाने शिक्षकांसाठी एक मार्गदर्शिका तयार झाली आणि पुढे ती सामग्री इंटरनेटवरही आली. तिची मांडणी विचारपूर्वक केलेली आहे. देऊळ, घर आणि उघड्यावरचे देवस्थान अशी पूजेची तीन स्थाने कल्पून तिने वस्तूंची विभागणी केली. मूर्ती ही पूजेची एकमेव खूण नव्हे. नैसर्गिक वस्तू, पात्र, चित्र किंवा छापील तसबीर यांच्या द्वाराही भक्त देवाशी संबंध जोडतो, हे तिने स्पष्ट केले. 'दर्शन' या शब्दाला तिने मध्यवर्ती स्थान दिले, हा तर तिचा मोठाच गुण होय. परक्या मुलाला आपल्या देवळात नेताना आधी काय सांगावे असे कुणी विचारले, तर आपल्यापैकी कित्येकांना इतके नेमके सांगता येणार नाही.

मग उणे कोठे पडते? चोलकालीन उत्सवमूर्तीच्या पीठाला दांडे ओवण्यासाठी कड्या किंवा छिद्रे असतात. ती मूर्ती मिरवण्यासाठी घडविलेली असते. उत्सवाच्या दिवशी स्नान, वस्त्र, अलंकार आणि हार एवढे सगळे चढल्यावर भक्ताला तिचा मुखभागच काय तो दिसतो. म्हणजे ज्या अंगसौष्ठवाचे संग्रहालय कौतुक करते, ते पूजेच्या वेळी बहुतांशी झाकलेले असते. मार्गदर्शिका ही गोष्ट शब्दांत समजावू शकते; पण शिक्षक घाईत असतो. तो मजकूर सोडतो आणि छायाचित्र तेवढे घेतो. काळ्या पार्श्वभूमीवरचे, एकट्या मूर्तीचे ते सुंदर छायाचित्र मग वर्गात एकटेच बोलते, आणि ते म्हणते की ही एक कलावस्तू आहे. आमच्या नातीने ऐकले ते हेच. दोष मार्गदर्शिकेच्या लेखकाचा कमी. पान आणि चित्र यांना सहज वेगळे होऊ देणाऱ्या साधनाचा अधिक.

हा धोका केवळ तर्काचा नाही. त्याची साक्ष दुसऱ्या उदाहरणात मिळते. मॅसॅच्युसेट्स येथील एमआयटी या विद्यापीठात इतिहासकार जॉन डावर व भाषाशास्त्रज्ञ शिगेरू मियागावा यांनी 2002 साली 'व्हिज्युअलायझिंग कल्चर्स' हा उपक्रम सुरू केला. चित्रांच्या आधारे आशियाचा अर्वाचीन इतिहास सांगावा, हा त्याचा हेतू. त्यातील कमोडोर पेरी याच्या 1853-54 मधील जपान-मोहिमेवरचा भाग हा, आमच्या मते, या प्रकारच्या लेखनाचा आदर्श आहे. अमेरिकन चित्रकारांनी काढलेले जपानी लोक आणि जपानी चित्रकारांनी काढलेले अमेरिकन लोक त्याने समोरासमोर ठेवले. छायाचित्रातील पेरी दाढीविरहित, गंभीर गृहस्थ. तर काही जपानी चित्रांत तोच उग्र नि विचित्र चेहऱ्याचा. मुलाला व्याख्यान न देताच कळते की चित्र जितके पाहिलेल्याविषयी सांगते, तितकेच पाहणाऱ्याविषयीही सांगते. पाठ्यपुस्तकाच्या दोन पानांत न मावणारी ही शिकवण पडद्यावर सहज मावते. या साधनाचे खरे सामर्थ्य हेच.

पण याच उपक्रमाला 2006 च्या एप्रिलमध्ये कठीण प्रसंगास तोंड द्यावे लागले. 1894-95 च्या चीन-जपान युद्धातील जपानी ठसेचित्रांवरचा एक भाग त्यात होता. विद्यापीठाच्या मुखपृष्ठावर उपक्रमाची ओळख झळकली. तेथून वाचक त्या भागाकडे गेले, आणि चिनी कैद्यांच्या शिरच्छेदाचे एक चित्र पाहून तेथील चिनी विद्यार्थी व्यथित झाले. मोठा निषेध उठला. डावर यांच्या लेखात त्या चित्रांतील क्रौर्य व वंशद्वेष उघड करून दाखविलेला होता. परंतु चित्र लेखाच्या आधी पोहोचले होते. सामग्री काही काळ काढून घेण्यात आली व स्पष्टीकरणांची भर घालून पुन्हा ठेवण्यात आली.

येथे दोन्ही पक्षांना न्याय दिला पाहिजे. विद्वानाने दुष्ट चित्र दाखवूच नये असे म्हटले तर इतिहास शिकविता येणार नाही. उलट, ज्यांच्या पूर्वजांची मस्तके त्या चित्रात आहेत, त्यांनी आधी तळटीप वाचावी आणि मग दुःख करावे असे म्हणणेही माणुसकीला धरून नाही. यातून निघणारा नियम साधा आहे. ज्यांच्याविषयी धडा आहे, त्यांच्यातले मूल याच वर्गात बसले आहे असे समजूनच धडा रचावा. आज न्यू जर्सीत काय किंवा मडगावात काय, ते खरोखरच बसलेले असते.

तिसरे उदाहरण कोलंबिया विद्यापीठाच्या 'एशिया फॉर एज्युकेटर्स' या संकेतस्थळाचे. येथे चित्रापेक्षा मूळ लेखाला मान आहे. जुने आदेश, पत्रे, ग्रंथांतील उतारे यांचे अनुवाद आणि त्यांखाली विद्यार्थ्याने विचार करावा असे प्रश्न, ही त्याची पद्धत. 'चिनी लोक असे मानीत' हे वाक्य पाठ करण्याऐवजी एका चिनी लेखकाने काय लिहिले ते वाचणे, हा संस्कार मोलाचा आहे. उणीव एवढीच की नावात आशिया असला तरी भर चीन, जपान, कोरिया यांवर आहे. संस्थेचा मूळ अभ्यासविषय पूर्व आशिया असल्याने ते स्वाभाविकही आहे. पण शिक्षकाने ही मर्यादा मुलांना सांगितली पाहिजे. नाहीतर संकेतस्थळाची सीमा तीच खंडाची सीमा ठरते.

आतापर्यंत आपण इतरांना तपासले. आता आपल्याकडे वळू. गोव्यातले मूल जपानविषयी शोधू लागले की त्याला लवकरच कळते की तेथील बेन्झाइतेन ही देवता म्हणजे मूळची आपली सरस्वती आणि कांगितेन म्हणजे आपला गणपती. घरात आनंद होतो. "पाहा, सगळे आपल्याकडूनच गेले," असे वडील माणसे म्हणतात, आणि अभ्यास तेथेच संपतो. हा आनंद खरा असला तरी शिक्षण तेथे सुरू व्हायला हवे. कांगितेनाची मूर्ती जपानी मंदिरांत बहुधा पडद्याआड, बंद पेटीत ठेवलेली असते. सर्वसामान्य भक्ताला ती दाखवीत नाहीत. तोक्योतील आसाकुसा भागात माचुचियामाच्या मंदिरात या देवाला पांढरा मुळा वाहतात. आपला गणपती चौकाचौकांत दर्शन देतो. तेथला न दिसूनच भक्ताच्या जवळ राहतो. एकाच मुळाच्या देवाशी दोन समाजांनी असे निराळे नाते का जोडले, हा प्रश्न ज्या मुलाला पडला, त्याने जपान शिकायला आरंभ केला असे समजावे. साम्य दाखविणे सोपे असते. संस्कृतीची ओळख भेदापाशी होते. शिवाय जी मूर्ती दाखवीतच नाहीत, तिचे छायाचित्र शोधूनही सापडू नये, यातच एक धडा आहे.

साधनाच्या टिकाऊपणाविषयीही दोन शब्द. अडोब फ्लॅशचा आधार 2020 च्या अखेरीस संपला आणि त्यावर रचलेले मुलांचे कितीतरी पाठ निकामी झाले. 2023 च्या ऑक्टोबरात ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिची डिजिटल हस्तलिखिते दीर्घकाळ मिळेनाशी झाली. म्हणून शाळेने चांगल्या पाठाची छापील प्रत काढून ठेवावी, आणि गावातील देऊळ, मशीद, चर्च, जुने जाणते गृहस्थ यांस ग्रंथालयाइतकेच वापरावे.

याचा अर्थ पडदा टाकून द्यावा असा नाही. ज्या मुलाला वॉशिंग्टन वा क्योतो कधी दिसणार नाही, त्याच्यासाठी ती एक खिडकी आहे. मात्र तिच्यातून दाखविलेल्या प्रत्येक चित्राबरोबर शिक्षकाने तीन प्रश्न विचारावेत: हे कुणी केले? कुणासाठी केले? येथे येण्यापूर्वी ते कोठे होते? तिसरा प्रश्न तर गोमंतकीयांना शिकवावा लागू नये. सोळाव्या शतकात मंगेश कुशस्थळीहून आणि शांतादुर्गा केळशीहून नदीपार नेण्यात आली, ही आठवण प्रत्येक महाजनाच्या घरात आहे. मूर्ती ही वस्तू असती, तर तिच्यासाठी कुणी रात्रीच्या काळोखात जीव धोक्यात घालून निघाले नसते.

नातीला आम्ही दुसऱ्या दिवशी हीच हकीकत सांगितली आणि मखर झुलतानाचे एक लहानसे चलच्चित्र पाठविले. ते तिने वर्गात दाखविले. शिक्षिकेने विचारले म्हणे, की लोक देवीकडे न हलता का पाहत आहेत? नातीने उत्तर दिले, "कारण तीही त्यांच्याकडे पाहते." हे उत्तर तिला आम्ही शिकविले नव्हते. कदाचित त्या मार्गदर्शिकेतील 'दर्शन' या शब्दाचा अर्थ तिने मनात धरून ठेवला असेल. तसे असेल, तर त्या साधनाचे ऋण आम्ही आनंदाने मान्य करतो.