प्रमाणग्रंथातील अक्षरसंच आणि मराठीचा अर्धा ‘र’

संगणकभाषेचा प्रमाणग्रंथ हा सामान्यतः तंत्रज्ञांचा ग्रंथ समजला जातो. परंतु कोणत्या चिन्हास अक्षर म्हणावे हा निर्णय त्यात दिला जातो, आणि तेवढ्यापुरता तो लिपिविचाराचाही ग्रंथ ठरतो. त्या दृष्टीने ‘सी’ व ‘सी++’ या भाषांच्या नियमांचे परीक्षण येथे योजिले आहे.

‘सी’च्या १९८९च्या प्रमाणग्रंथाने रोमन वर्णमालेची ५२ लहानमोठी अक्षरे, १० अंक व २९ इतर चिन्हे आवश्यक ठरविली. एवढी चिन्हेही सर्वत्र उपलब्ध नव्हती. डेन्मार्क, जर्मनी आदी देशांच्या सात-बिटी संचांत चौकटी व महिरपी कंसांच्या जागी तेथील स्वराक्षरे बसविलेली होती. म्हणून प्रत्येकी तीन चिन्हांचे नऊ पर्यायी संकेत योजावे लागले. ‘सी++’ने ते २०१७च्या आवृत्तीत व ‘सी’ने २०२३च्या आवृत्तीत काढून टाकले. भारतीय प्रमाण १३१९४ (१९९१) याने मात्र रोमन अर्धा भाग तसाच ठेवून भारतीय लिप्यांना वरच्या अर्ध्यात स्थान दिले. त्यामुळे ही अडचण आपणांस आली नाही.

आपली अडचण निराळी आहे. २०११च्या आवृत्त्यांनी चलांच्या व फलनांच्या नावांत युनिकोडमधील विस्तीर्ण पट्टे सरसकट मान्य केले. त्यांत शून्य रुंदीचा जोडकही आला आणि लेखनाची दिशा बदलणारी अदृश्य चिन्हेही आली. डोळ्यांस एकच दिसणारी दोन नावे यंत्रास भिन्न वाटावीत, हा दोष उघड होता. २०२३च्या आवृत्त्यांनी युनिकोडने नावांसाठी ठरविलेले वर्ग स्वीकारले. त्यांत देवनागरीच्या मात्रा व हलन्तचिन्ह मान्य आहेत. जोडक मात्र वगळला आहे.

‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतील भेद मराठी वाचकास सांगावयास नको. पहिला मान गुरूचा आहे, दुसरा स्वयंपाक्याचा. हा दुसरा अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो : ‘ऱ’ला हलन्त जोडून, अथवा साध्या ‘र’ला हलन्त व त्यापुढे जोडक देऊन. पहिली रीत भारतीय प्रमाणाशी सुसंगत आहे. दुसरी युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीशी मेळ राखण्यासाठी ठेवलेली आहे. नव्या नियमाने पहिली ग्राह्य व दुसरी त्याज्य ठरते. कागदावर दोन्ही एकसारखीच दिसतात; कंपायलर मात्र एक स्वीकारतो व दुसरीस चूक म्हणतो.

नियमाचा परिणाम मराठीस घातक नाही, हे मान्य केले पाहिजे. एक रीत उरली आहे, आणि दोन रीतींपेक्षा एक असणे नावांच्या बाबतीत हितावहच आहे. आक्षेप आहे तो नियमामागील गृहीतावर. जे दिसत नाही ते अर्थहीन, असे त्यात मानले आहे. वस्तुतः दुसऱ्या रीतीतील जोडक काढून टाकला तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. दरीच्या जागी समुद्र येतो. अर्थभेदास कारण होणाऱ्या चिन्हास निव्वळ मांडणीचे चिन्ह मानणे भाषाशास्त्रास मान्य होणार नाही. हलन्तानंतरच जोडक चालेल, असा मर्यादित अपवाद करणे अशक्य नव्हते.

तोवर मराठी कळफलक व संपादनसाधने तयार करणारांनी ‘ऱ’चीच रीत कटाक्षाने पाळावी. प्रमाणग्रंथाने न केलेला विवेक निदान आपल्या लेखनात तरी असावा.