डॉ. कॉनोली यांचा हॅन्वेलचा ग्रंथ

डॉ. जॉन कॉनोली यांचें नांव घेतलें कीं वेड्यांच्या हातापायांतील बेड्या गळून पडल्याचें चित्र डोळ्यांपुढें येतें. वेड्यांना न बांधतां उपचार कसे करावे, याविषयींचा त्यांचा १८५६ सालचा ग्रंथ आम्हीं नुकताच पुनः वाचला; आणि आमचें मत असें झालें कीं, बेड्या काढण्याची हकीकत हा त्यांतील सर्वांत कमी महत्त्वाचा भाग होय.

लंडनजवळील हॅन्वेलच्या इस्पितळांत डॉक्टर १ जून १८३९ रोजीं रुजू झाले. रोगी आठशेंच्या घरांत. २१ सप्टेंबरपासून तेथें एकाही रोग्यास बांधून ठेवण्यांत आलें नाहीं. चार महिनेही लागले नाहींत! मान अर्थात् सर्वस्वी त्यांचा नव्हे. लिंकन शहरच्या इस्पितळांत रॉबर्ट गार्डिनर हिल यांनीं हें आधींच करून दाखविलें होतें, आणि कॉनोली तें पाहून आले होते.

खरी कसोटी पुढें होती. पट्टा सोडावयास क्षण पुरतो. त्याच्या जागीं माणूस उभा करावा लागतो, आणि तोही रात्रंदिवस. म्हणूनच परिचारकांविषयींचीं पानें या ग्रंथांत आम्हांस सर्वांत सरस वाटलीं. बांधून आणलेल्या रोग्यास मोकळें करणें, न्हाऊं घालणें, खाऊं घालणें, स्वच्छ अंथरुणावर निजविणें, हें सारें कॉनोली एखाद्या संसारी माणसाच्या बारकाईनें सांगतात. ज्यांच्या घरीं असा आजारी आहे, त्यांना यांत भूतदयेच्या व्याख्यानापेक्षां अधिक कांहीं सांपडेल.

एका गोष्टींत मात्र आमचा मतभेद आहे. खवळलेल्या रोग्यास गाद्यांच्या भिंतींच्या खोलींत एकटें कोंडण्याचें ते समर्थन करतात. बांधणें वाईट आणि कोंडणें निर्दोष, हा युक्तिवाद आम्हांस पटत नाहीं. दाराच्या भोकांतून पाहणें म्हणजे जवळ असणें नव्हे; आणि जवळ असणें हाच तर त्यांच्या पद्धतीचा प्राण.

याहून मोठी उणीव निराळीच आहे. याच लेखकानें १८३० सालच्या आपल्या ग्रंथांत, पुष्कळशा वेड्यांना कोंडून ठेवण्याची गरजच नसते, असें प्रतिपादिलें होतें आणि कोणासही घाईनें वेडा ठरविण्याविरुद्ध डॉक्टरांस सावध केलें होतें. सव्वीस वर्षांनंतरच्या या ग्रंथांत ती शंका मावळली आहे. इस्पितळ सुधारलें म्हणजे तेथें कोण आणि कां यावा हा प्रश्न जणूं उरतच नाहीं! पुढें १८५९ सालीं एका खटल्यांत उघड झालें कीं, त्यांनीं वेडा ठरविलेल्या एका गृहस्थास ज्या खासगी वेड्यांच्या घरांत ठेवलें, त्या घराकडून त्यांना पैसे मिळत होते. चार्ल्स रीड यांनीं १८६३ सालच्या ‘हार्ड कॅश’ या कादंबरींत डॉ. विचर्ली हें पात्र रंगविलें, तें कॉनोलींवरच बेतलें असें मानतात. तें चित्र निर्दय आहे खरें. पण १८३० च्या कॉनोलींना तें फारसें अनोळखी वाटलें नसतें. आमची वाचकांस सूचना इतकीच कीं, तो पहिला ग्रंथ आधीं वाचावा आणि हा मागाहून.