कीट्सचे चाहते आणि कीट्सची कबर

एखाद्या पुस्तकाचे प्रतिकूल परीक्षण प्रसिद्ध झाले, की लेखकाच्या चाहत्यांचा पहिला प्रश्न ‘काय लिहिले आहे?’ असा क्वचितच असतो. ‘कोणी लिहिले आहे?’ असा असतो. समीक्षक कोणत्या गटातला, त्याचे लेखकाशी जुने वैर कोणते, याची चौकशी होते. आणि पक्षपाताचा पुरावा सापडला, की परीक्षणातील मुद्द्यांचा विचार करण्याचे कारणच उरत नाही. या वृत्तीने अखेर लेखकाचेच कसे नुकसान होते, हे इंग्रज कवी जॉन कीट्स याच्या उदाहरणावरून दिसते.

१८१८ साली कीट्सचे ‘एंडिमिअन’ हे दीर्घकाव्य प्रसिद्ध झाले. ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’ व ‘ब्लॅकवुड्स’ या नियतकालिकांनी त्याची निर्भर्त्सना केली. त्यात पक्षपात होता, हे निर्विवाद. दोन्ही नियतकालिके टोरी पक्षाची, तर कीट्स हा सरकारच्या रोषास पात्र ठरलेल्या ली हंट या संपादकाचा स्नेही. ‘क्वार्टर्ली’च्या क्रोकरने तर चार सर्गांपैकी पहिलाच वाचल्याचे स्वतः कबूल केले होते!

२३ फेब्रुवारी १८२१ रोजी कीट्स रोममध्ये क्षयाने वारला, वयाच्या अवघ्या २५ व्या वर्षी. त्याची आई आणि भाऊ टॉम हेही क्षयानेच गेले होते. तरीही शेलीने त्याच वर्षीच्या आपल्या ‘अडोनेइस’ या विलापिकेत मृत्यूचे खापर परीक्षणावर फोडले. आपल्या थडग्यावर नाव नको, केवळ एक ओळ असावी, अशी कीट्सची इच्छा होती. सेव्हर्न आणि ब्राऊन या मित्रांनी त्या ओळीच्या वर शत्रूंच्या दुष्टाव्याचा उल्लेख कोरविला. पुढे दोघांनाही त्याचा पश्चात्ताप झाला. परंतु रोममधील संत पौलाच्या नावाच्या वेशीजवळ, अकॅथॉलिकांच्या दफनभूमीत, तो दगड आजही उभा आहे.

या कैवाराने साधले काय? एका लेखाने मोडून पडणारा दुबळा कवी, अशी कीट्सची प्रतिमा रूढ झाली. वास्तविक परीक्षणे येण्यापूर्वीच त्याने ‘एंडिमिअन’च्या प्रस्तावनेत आपल्या काव्याची अपक्वता मान्य केली होती. आपण स्वतःवर केलेली टीका या नियतकालिकांच्या टीकेहून अधिक बोचते, असे त्याने ऑक्टोबर १८१८ मध्ये आपल्या प्रकाशकाला कळविले. टीकेचे शल्य त्याला नव्हतेच असे नाही. अखेरच्या आजारात त्याचे मन कडवट झाले होते. पण त्याची अमर ठरलेली बहुतेक उद्देशिका-काव्ये त्या परीक्षणांनंतरची, १८१९ मधील आहेत, हे विसरता येत नाही.

आपला समाज लहान आहे. लेखक, समीक्षक आणि वाचक पुष्कळदा एकाच धर्मग्रामातले, कधी नात्यातलेही असतात. त्यामुळे समीक्षकाच्या हेतूविषयी शंका येणे स्वाभाविक आहे, आणि कधीकधी ती खरीही असेल. तथापि पक्षपाती माणसाने दाखविलेला दोष केवळ त्याच्या पक्षपातामुळे नाहीसा होत नाही. तसेच आपल्या माणसाने केलेली स्तुती केवळ आपुलकीमुळे खरी ठरत नाही. क्रोकरला द्यावयाचे खरे उत्तर ‘तू टोरी आहेस’ हे नव्हते; ‘उरलेले तीन सर्ग वाच’ हे होते. आपल्या आवडत्या लेखकावर टीका झाली, तर चाहत्यांनी समीक्षकाच्या घराण्याची चर्चा करण्याआधी ते पुस्तक पुन्हा उघडावे आणि त्यातील पानांच्या आधारे उत्तर द्यावे. लेखकाची खरी सेवा त्यातच आहे.