वरून उतरणारं शहर

संध्याकाळी रावेतच्या बास्केट ब्रिजवर थांबलं की खाली पवना आणि आजूबाजूला टॉवर दिसतात. नव्या प्रोजेक्टच्या फलकांवर एक शहर रंगवलेलं असतं. झाडं, कारंजं, हसरी मुलं, भक्कम गेट. त्या चित्रात कुणी आजारी नसतं, कुणी रडत नसतं, आणि विटा वाहणारं तर कुणीच नसतं. बायबलमधलं शेवटचं पुस्तक, 'प्रकटीकरण', नीट वाचायला घेतलं तेव्हा मला हे फलक आठवले. कारण ते पुस्तकसुद्धा एका शहरावर संपतं. नदी आहे, झाडं आहेत, बारा वेशी आहेत. पण तिथे पोचलेली माणसं फलकावरच्या माणसांसारखी नाहीत. ती रडून आलेली आहेत, आणि देव स्वतः त्यांचे डोळे पुसतो.

देव शेवटी न्याय करील आणि मोडलेलं सगळं पुन्हा उभं करील, ही ख्रिस्ती माणसाची आशा. बाहेरून पाहणाऱ्याला ती 'मेल्यावर स्वर्ग मिळेल' एवढीच वाटते. पुष्कळ ख्रिस्ती माणसांनाही तसंच वाटतं. पण प्रकटीकरणाचे शेवटचे दोन अध्याय वाचताना एक गोष्ट पटकन लक्षात येते. तिथे माणसं वर जात नाहीत, शहर खाली येतं. देव माणसांच्या वस्तीत राहायला येतो. पृथ्वी टाकून द्यायची नाही, नवी करायची आहे. दिशेचा हा फरक लहान दिसतो, पण त्याने सगळा अर्थ बदलतो.

आपल्या मराठीत मेलेला माणूस कैलासवासी होतो, वैकुंठवासी होतो. मोक्ष म्हणजे सुटका आणि मुक्ती म्हणजे फेऱ्यातून बाहेर पडणं. पण याच भाषेत दुसरी दिशाही आहे. दिवाळीत ओवाळताना घरातली बाई म्हणते, इडा पीडा टळो, बळीचं राज्य येवो. ते राज्य 'येवो', आपण तिकडे जाऊ असं ती म्हणत नाही. पाताळात दडपलेला राजा परत येईल आणि इथल्याच शेताभातावर न्यायाचं राज्य होईल, असं तिचं मागणं असतं. महात्मा फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त बळीराजाची ही आठवण नव्याने जागवली आणि येशूलाही बळीच्याच ओळीत बसवलं. फुले ख्रिस्ती झाले नाहीत. पण न्याय वरती कुठेतरी नाही तर इथे जमिनीवर यायचा आहे, हे त्यांना येशूच्या गोष्टीत दिसलं होतं. मला वाटतं, प्रकटीकरण मराठीत वाचायची खरी किल्ली हीच आहे.

ही किल्ली जिच्या हातात सगळ्यात जड होती ती बाई म्हणजे पंडिता रमाबाई. जन्म १८५८. लहानपण वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्याबरोबर तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत गेलं. दुष्काळात आईवडील गेले, थोरली बहीण गेली. पुढे भाऊ गेला. लग्नानंतर दोन वर्षं होतात न होतात तोच नवराही गेला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं. १८९६-९७ च्या दुष्काळात पोरक्या झालेल्या मुली गोळा करून आणल्या, आणि पुणे-दौंड मार्गावरच्या केडगावात त्यांची वसाहत उभी राहिली. तिला नाव दिलं 'मुक्ती'.

हे नाव नीट पाहा. ज्या शब्दाचा अर्थ जगातून सुटणं, त्या शब्दाला रमाबाईंनी पत्ता दिला. त्यांच्या मुक्तीत विहिरी होत्या, शेत होतं, गुरं होती, हातमाग होते, छापखाना होता. लोकांनी अशुभ ठरवून टाकलेल्या विधवा आणि दुष्काळात रस्त्यावर आलेल्या मुली तिथे काम करत होत्या, शिकत होत्या. शहर खाली उतरतं याचा अर्थ रमाबाईंना बहुधा टीकाग्रंथातून शोधावा लागला नसेल. त्यांनी तो विहीर खणून पाहिला होता.

याच बाईंनी आयुष्याची शेवटची सतराएक वर्षं अख्खं बायबल मराठीत आणण्यात घालवली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. कलकत्त्याच्या पंडितांनी जिला 'सरस्वती' म्हणून गौरवलं तिने संस्कृतप्रचुर मराठी बाजूला ठेवली. खेड्यातल्या, जेमतेम वाचता येणाऱ्या बाईला कळेल असं भाषांतर त्यांना हवं होतं. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. भाषांतर पुरं करून एप्रिल १९२२ मध्ये रमाबाईही गेल्या. पुस्तक १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून, तिथल्याच बायकांच्या हातांनी छापून बाहेर आलं. मरण उरणार नाही, शोक उरणार नाही, असं सांगणारं पान आईवडील, बहीण, भाऊ, नवरा आणि लेक गमावलेल्या बाईने मराठीत आणलं, आणि ज्यांच्यासाठी ते लिहिलं त्यांनीच त्याचे खिळे जुळवले. मराठीत या आशेवर एवढी मोठी टीका दुसरी कुणी लिहिलेली मला माहीत नाही.

तरीही भाषांतर म्हणून त्यात उणिवा आहेत. मुळाला धरून राहण्याच्या हट्टापायी वाक्यं कुठे कुठे अडखळतात. प्रकटीकरणासारख्या पुस्तकाला जो गाजता आवाज लागतो तो साध्या शब्दांत नेहमी सापडत नाही. चर्चच्या उपासनेत हे बायबल रुळलं नाही, तिथे बायबल सोसायटीचंच भाषांतर चालत राहिलं. पण रमाबाईंचा साधेपणा ही फक्त शैली नव्हती. न्याय ज्यांना हवा आहे त्यांना न्यायाची गोष्ट परक्या तोंडून ऐकावी लागू नये, असा त्यामागचा आग्रह होता. तरुणपणी इंग्लंडमध्ये असतानाही त्यांनी सिस्टर जेराल्डाइन यांना पत्रांतून ठणकावलं होतं, की माझी सदसद्विवेकबुद्धी मी चर्चकडे गहाण टाकणार नाही.

आता यावरचा मोठा आक्षेप. शेवटी देव न्याय करणारच आहे असं सांगितलं, की आज लढायचं कशाला? अन्याय करणाऱ्याला यापेक्षा सोयीचं काय हवं? हा आक्षेप पोकळ नाही. महाराष्ट्रातले कितीतरी ख्रिस्ती महार-मांग वस्त्यांतून आलेले आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती धर्माशी बांधल्या. पुढे १९५६ मध्ये शीख दलितांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात जागा मिळाली, ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. धर्म बदलला म्हणून गावाने जात विसरली नाही, पण कागदाने विसरली. अशा माणसाला रविवारच्या प्रवचनात नुसतं 'धीर धर' म्हणून भागत नाही.

पण पुस्तकात काय आहे ते पाहू. प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायात मारल्या गेलेल्यांचे आत्मे वेदीखालून ओरडतात. त्यांचा एकच प्रश्न आहे, अजून कधीपर्यंत? त्यांना आणखी थोडं थांबायला सांगितलं जातं, हे खरं. ते मलाही खुपतं. पण ओरडलात का, असं त्यांना कुणी दटावत नाही. तो प्रश्न स्वर्गात नोंदवला जातो. म्हणजे या पुस्तकातली आशा गप्प बसायला शिकवत नाही, ती तक्रार जिवंत ठेवते. न्याय होणार हे ज्याला ठाऊक आहे, त्याला आजचा अन्याय नशिबाचा भाग म्हणून स्वीकारता येत नाही.

अठरावा अध्याय तर चाकणच्या रस्त्यावर बसून वाचावा. बाबेल नावाचं श्रीमंत शहर कोसळतं आणि व्यापारी रडतात. माणसं मेली म्हणून नाही, माल कुणी घेत नाही म्हणून. मग मालाची यादी येते. सोनं, रेशीम, हस्तिदंत, गहू, गुरं, घोडे, रथ आणि सगळ्यात शेवटी माणसांची शरीरं. ज्याने ही यादी लिहिली तो रोमन राज्यात पात्म बेटावर पडलेला एक माणूस होता. मालाच्या हिशेबात माणूस कुठल्या ओळीवर येतो हे त्याने नेमकं ओळखलं होतं. कंत्राटी कामगाराला ही यादी समजावून सांगावी लागत नाही.

या पुस्तकात अग्नीचा तलावही आहे, हे लपवायचं कारण नाही. तो दाखवून घाबरवणारी पत्रकं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. त्या वाचनात न्यायाचा सूड होतो, आणि मी आत, बाकीचे बाहेर एवढीच आशा उरते. मला ते पटत नाही, कारण शेवटचं चित्र तसं नाही. त्या शहराच्या वेशी दिवसा कधीच बंद होत नाहीत, आणि तिथे रात्र नाही. नदीकाठच्या झाडाची पानं राष्ट्रांना बरं करायला आहेत. बरं करायचं म्हणजे जखम झाली होती हे आधी मान्य करावं लागतं.

म्हणून मी पुन्हा रावेतच्या पुलावर येतो. इथल्याच बंधाऱ्यावरून पिंपरी-चिंचवड पाणी उचलतं. धरणातून थेट बंद नळाने पाणी आणायच्या योजनेला मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला, आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ एक्स्प्रेसवेवर पोलिसांच्या गोळीबारात तिघे गेले. आमच्या नळाला येणाऱ्या पाण्यामागे ही गोष्ट आहे. फलकावरच्या शहरात ती सांगितली जात नाही. प्रकटीकरणातल्या शहरात मात्र नदी सिंहासनापासून निघते आणि भर रस्त्यातून उघडी वाहते. जीवनाचं पाणी ज्याला तहान आहे त्याला फुकट आहे.

ही आशा खरी की खोटी, हे टीकाकार ठरवू शकत नाही. तिच्यामुळे काय दिसू लागतं, एवढं तो सांगू शकतो. रमाबाईंना दुष्काळातल्या मुलीत मुक्तीची रहिवासी दिसली. मला आमच्या सोसायटीचं गेट दिसतं. फोनवर ओटीपी आल्याशिवाय ते कामवाल्या मावशींना आत सोडत नाही.